पाच तासांचा कलाकार

मालिकेतली सात-आठ वर्षांची मुलगी एक गाणं म्हणते, आजीशी दोन वाक्यं भांडते, रडते आणि पळून जाते. घरात जेवणं चालू असताना हे सगळं चार मिनिटांत होऊन जातं. ती चार मिनिटं चित्रित करायला त्या मुलीचे दिवसातले जास्तीत जास्त किती तास घेता येतील हे कायद्यानं बांधून दिलेलं आहे : पाच. त्यातही सलग तीन तासांच्या वर नाही, मध्ये विश्रांती द्यावीच लागते.

घोडबंदर रोडवर कासारवडवली-ओवळ्याच्या पट्ट्यात, मीरा रोडला, पुढे नायगावला मालिकांची चित्रीकरणं चालतात. त्यामुळे ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या पालकांच्या गप्पांत ऑडिशनचा विषय निघाला तर आता कोणाला नवल वाटत नाही. पण हे काम असतं कसं, मुलाचा दिवस कसा जातो, गळ्याचं काय होतं, पैसे कोणाचे असतात, याची माहिती बहुतेक घरांत काम मिळाल्यानंतर, तीही तुकड्यातुकड्यानं पोचते. ती आधी हातात असावी म्हणून हा लेख. सुरुवात मात्र थोडी मागून करावी लागेल, कारण आजचे नियम का आले हे जुना टीव्ही बघितल्याशिवाय नीट कळत नाही.

वरळीचा स्टुडिओ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. मुलांसाठी ‘किलबिल’सारखे कार्यक्रम होते आणि त्यांत गाणारी, नाट्यछटा करणारी मुलं शाळांतून, बालनाट्यांतून, आकाशवाणीवरून यायची. ठाण्याच्या मुलाला लोकलनं दादरपर्यंत २५ किलोमीटर आणि पुढे बसनं वरळी गाठावी लागे. वाशीच्या मुलाची गोष्ट आणखी अवघड. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला आणि रेल्वे वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. तोवर बस हाच आधार. थोडक्यात, पाच मिनिटांच्या कार्यक्रमासाठी अख्खा दिवस जायचा. पण तसे दिवस वर्षातून मोजकेच यायचे, हे ध्यानात ठेवा.

स्टुडिओत दोन किंवा तीन मोठे कॅमेरे असत. प्रत्येक कॅमेऱ्यावर एक लाल दिवा. जो पेटलेला, त्याचं चित्र त्या क्षणी बाहेर जातंय. कार्यक्रम एक तर थेट प्रक्षेपित व्हायचा, नाही तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात ध्वनिचित्रमुद्रित व्हायचा. टेप महाग होती आणि ती कापून जोडणं कटकटीचं, म्हणून ‘पुन्हा घेऊ’ हा शब्द सहज निघत नसे. तीच टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरायची पद्धत होती. त्या काळातल्या मुलांच्या कामाचं फारसं काही आज पाहायला मिळत नाही, त्याचं एक कारण हे.

या पद्धतीत मुलाला सगळं आधी पक्कं करून यावं लागे. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असे, तिथंच उभं राहायचं, कारण वरून सोडलेला माइक आणि दिवे त्या जागेसाठी लावलेले. फ्लोअर मॅनेजर बोटांनी पाच, चार, तीन दाखवायचा. हात गोल फिरवला की आवर, दोन्ही हात रबर ताणल्यासारखे लांब केले की अजून थोडं चालू ठेव. सहा-सात वर्षांच्या मुलानं गाणं म्हणता म्हणता हे बघायचं, पण बघतोय असं दिसू द्यायचं नाही. वादक कॅमेऱ्याच्या बाहेर बसत. यंत्रं तापू नयेत म्हणून स्टुडिओ थंडगार ठेवलेला आणि दिव्यांखाली मात्र चटके. थंडीत अर्धा तास ताटकळलेला गळा एकदम प्रखर उजेडात उघडायचा. मुलं स्वर सोडायची ती बहुतेक इथेच, पहिल्या ओळीला. त्यावर उपाय एकच होता : आत जायच्या क्षणापर्यंत मुलाच्या कानात पेटीचा ‘सा’ ठेवायचा.

कपड्यांचंही गणित होतं. चित्र कृष्णधवल. पांढराशुभ्र सदरा घातला की तो भाग कॅमेऱ्यात फुटायचा आणि शेजारचा चेहरा काळवंडायचा. म्हणून फिकट पिवळा, मोतिया किंवा आकाशी. लाल परकर आणि हिरवं पोलकं घरी कितीही छान दिसलं तरी पडद्यावर दोन्ही एकाच राखाडी रंगाचे. बारीक चौकडीचं कापड थरथरल्यासारखं दिसे आणि जरीची किनार किंवा चमकतं कानातलं हललं की त्याच्यामागे उजेडाची शेपटी उमटे. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं तेव्हा यातल्या निम्म्या अडचणी संपल्या. बारीक चौकडीची मात्र आजही आहे.

या सगळ्यात मुलावर ताण नव्हता असं नाही. थेट प्रक्षेपणात ओळ विसरलं तर सगळ्या गावासमोर विसरलं. पण दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत असे. पुढे मालिका आल्या त्याही आठवड्यातून एक भाग आणि बऱ्याचदा १३ भागांत आटोपणाऱ्या. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुलाचं काम उरकता येई.

खरा बदल झाला तो खासगी वाहिन्या आणि रोजच्या मालिका आल्यावर. हिंदीत १९९२ पासून खासगी वाहिनी होती, मराठीत १९९९ मध्ये आली. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला ३१२. एका भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर. कथेत मूल मध्यवर्ती असेल तर त्याला महिन्यातले वीस-बावीस दिवस बोलावल्याशिवाय हे गणित सुटत नाही. कॅमेरा हलका झाला, टेप गेली, हवे तितके रीटेक घेता येऊ लागले आणि मुलाचं काम मात्र सोपं व्हायच्या ऐवजी लांबत गेलं. पूर्वी एका दमात गाणारं मूल आता तीच ओळ लाँगमध्ये (लांबून), मिडमध्ये (मधल्या अंतरावरून), क्लोजमध्ये (अगदी जवळून) आणि समोरच्याच्या खांद्यावरून अशी चार-पाच वेळा म्हणतं. तासांना कुंपण घालावं लागलं ते यामुळे.

कुंपण नेमकं काय आहे

बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला जवळजवळ सरसकट बंदी घातली आणि दृक्-श्राव्य मनोरंजनातल्या बालकलाकाराला अपवाद ठेवला. अपवाद, पण अटींसह. त्या अटी २०१७ च्या नियमांत आहेत आणि पालकांनी त्या शब्दशः माहीत करून घ्याव्यात असं आमचं मत आहे, कारण सेटवर त्या अर्ध्यामुर्ध्या सांगितल्या जातात.

दिवसाला पाच तास आणि सलग तीन, हे वर आलंच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळेचा अभ्यास तुटणार नाही अशी सोय निर्मात्यानं करायची. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. तिचं नाव कागदावर असतं, ते विचारा. ‘सगळेच बघतात’ हे उत्तर चालत नाही. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही. कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. आणि हे सगळं सुरू होण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. ती निर्मात्यानं काढायची, पालकांनी नव्हे. निर्माता ‘फॉर्म सी’ नावाचं हमीपत्र, मुलांची यादी आणि पालकांचं संमतिपत्र देतो. हमीपत्र सहा महिने चालतं. मालिका त्याहून लांबली तर नवं हवं. इथं बऱ्याचदा चूक होते : पहिल्या महिन्यात कागद काढलेले असतात आणि सातव्या महिन्यात कोणाला आठवण नसते.

परवानगी कोणत्या जिल्ह्याची, यावरही आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. मूल कुठं राहतं याचा संबंध नाही, चित्रीकरण कुठं होतं ते बघायचं. घोडबंदर रोड, मीरा रोड, ऐरोली, वाशी, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात, म्हणजे कोर्ट नाक्याजवळचं जिल्हाधिकारी कार्यालय. खारघर, कामोठे, पनवेल आपण बोलताना नवी मुंबईतच धरतो, पण जिल्हा रायगड, कार्यालय अलिबागला. नायगाव पालघर जिल्ह्यात आणि गोरेगावची चित्रनगरी मुंबई उपनगरात. म्हणजे वाशीच्या मुलीचा सेट नायगावला असेल तर परवानगी पालघरची. पुढे कथेत सहल आली आणि दोन दिवस चित्रीकरण खारघरला हललं तर ती परवानगी तिथं लागू होत नाही.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२२ मध्ये मांडलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आणखी काही गोष्टी आहेत : संध्याकाळी सात ते सकाळी आठ मुलांचं काम नाही, दिवसाला एकच शिफ्ट, लहान मुलाबरोबर पालक हजर, मोठ्यांच्या मेकअप रूममध्ये मुलांची तयारी नाही. करार करताना यातलं जेवढं लिहून घेता येईल तेवढं घ्यावं.

पाच तास जातात कुठे

समजा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी दहाची आहे. कपडे, केस, मेकअप यात अर्धा तास. लहान मुलांना मेकअप म्हणजे घाम टिपून हलकी पावडर, एवढंच पुरतं. जाड थर मागितला तर नाही म्हणायला हरकत नाही. मग प्रसंग वाचायचा. मालिकेत संवाद आदल्या रात्री मोबाइलवर येतात किंवा थेट सेटवर हातात पडतात. प्रकाशयोजना होईपर्यंत वीस मिनिटं, मग एक मास्टर शॉट, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणारा, मग एकेकाचे क्लोजअप. तीन मिनिटांच्या प्रसंगाला तास-सव्वा तास धरा. एक वाजता तीन तास होतात, तेव्हा थांबायचं. जेवण, विश्रांती, दोन वाजता पुन्हा, चारला पॅकअप. हिशेब केलात तर मुलाचे दिवसाला तीन प्रसंग होतात. कोणी पाच-सहा प्रसंग लावले असतील तर ते पाच तासांत बसणार नाहीत, हे सकाळीच सांगता येतं. दुपारी चारला वाद घालण्यापेक्षा ते बरं.

मेकअपचा वेळ कामात धरायचा की नाही यावर वाद घालणारे भेटतात. करारात ‘कॉल टाइमपासून पॅकअपपर्यंत, विश्रांती वगळून’ एवढे शब्द असले की प्रश्नच राहत नाही. गाण्यांच्या स्पर्धांमध्ये हे विशेष महत्त्वाचं, कारण तिथं एका मुलाचं गाणं तीन मिनिटांचं असतं, पण इतरांच्या गाण्यांना टाळ्या वाजवत, चेहरे देत ते मूल तासन् तास बसलेलं असतं. ते बसणं कामच आहे. कॅमेरा त्याच्यावरही फिरतोय.

चांगला सहदिग्दर्शक मुलाचे क्लोजअप आधी उरकतो. मोठ्या कलाकाराचे शॉट मूल घरी गेल्यावरही घेता येतात. त्या वेळी मुलाच्या जागी साधारण त्याच उंचीचा कोणी उभा करतात किंवा स्टँडवर खूण लावून नजर देतात. तान्ह्या बाळांसाठी जुळी शोधतात ती याच कारणानं, एक झोपलं की दुसरं. ‘आधी दादांचे शॉट होऊ देत, त्यांना लवकर जायचंय’ असं रोजच होऊ लागलं तर मुलाचे तास वाट बघण्यात जळतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात, ते पेंगुळलेलं असताना, त्याच्याकडून रडण्याचा प्रसंग करून घेतला जातो.

रडण्याबद्दल सांगायलाच हवं. ग्लिसरीन डोळ्यांत झोंबतं. मोठ्यांच्या डोळ्यांनाही ते बरं नाही, मुलांना तर लावूच नये. गालावर पाण्याचा थेंब, मान खाली, खांदे हलवणं आणि पाठीमागून शॉट, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. उरलेलं काम संगीत करतं. ‘आई तुला सोडून गेली’ असं खोटं सांगून मुलाला रडवण्याचा प्रकार कुठं झाला तर काम तिथंच थांबवा. मुलाला अभिनय कळतो. फसवणूक झाल्यावर मात्र ते पुढच्या प्रसंगात कोणावरच विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं कामही बिघडतं.

संवाद पाठ करून घेण्यात आईबाबांची एक चूक फार दिसते. घरी प्रत्येक वाक्य ‘असं म्हण’ म्हणून चालीसकट घोटवून घेतात. सेटवर दिग्दर्शक म्हणतो, ‘रागावून नको, हळू म्हण.’ मुलाला ते जमत नाही, कारण त्याला वाक्य आणि चाल वेगळी करताच येत नाही. घरी नुसतं सपाट, बातम्या वाचल्यासारखं पाठ करू द्या. समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा पक्का करून घ्या, तो ऐकला की आपण बोलायचं. हाव-भाव सेटवर येतील.

सहा ते आठ या वयात आणखी एक अडचण येते, ती म्हणजे दात. पुढचा वरचा दुधाचा दात प्रसंगाच्या मधोमध पडतो. सोमवारी खोलीच्या दारात दात आहे आणि बुधवारी त्याच प्रसंगात आत आल्यावर नाही! दातांच्या डॉक्टरांकडून काढता-घालता येणारा तात्पुरता दात बनवून मिळतो. हलणारा दात दिसला की कंटिन्युटी (एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय का ते) बघणाऱ्याला लगेच सांगा म्हणजे प्रसंगांचा क्रम बदलता येतो. केस कापण्याचंही तसंच : सेटवर विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही.

प्रवास पाच तासांत धरला जात नाही. खारघरहून ठाणे-बेलापूर रस्त्यानं घोडबंदरला जायला दीड तास सहज लागतो आणि पावसाळ्यात त्याची काही हमीच नाही. म्हणजे पाच तासांच्या कामाला मूल नऊ तास घराबाहेर. काम स्वीकारताना पैशाच्या आकड्याइतकंच या नऊ तासांकडे बघा.

गळ्याचा हिशेब

मोठ्या पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी साधारण १७ ते २१ मिलिमीटर, स्त्रीच्या १२ ते १७. लहान मुलांचे त्याहून बरेच आखूड आणि नाजूक. काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) हा ‘सा’ धरून गाणाऱ्या मुलीचे स्वरतंतू मध्य षड्जावर सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जावर ४१५ वेळा. सरासरी ३०० धरा. तीन मिनिटांच्या गाण्यात प्रत्यक्ष गायन दोन मिनिटांचं असेल तर ३६,००० आघात. दहा रीटेक झाले की ३ लाख ६० हजार. हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत, गळा त्यासाठीच बनलेला आहे. पण ‘आणखी एकदा, शेवटचं’ म्हणताना काय मागितलं जातंय ते कळावं.

मालिकेत गाणं असेल तर ते आधीच रेकॉर्ड झालेलं असतं आणि सेटवर नुसतं वाजवतात. मुलानं ओठ हलवायचे. इथं नुसते ओठ हलवले तर लगेच उघडं पडतं, कारण मानेच्या शिरा आणि छातीचा श्वास गाण्याशी जुळत नाही. मुलाला हळू आवाजात खरंच गायला लावा. हळू म्हणजे कुजबुजत नव्हे. कुजबुजण्यानंही स्वरतंतूंवर ताण येतो. मोठ्यानं तर नकोच. लाउडस्पीकरवर गाणं जोरात लावलं की मूल त्याच्यावर ओरडायला जातं, तेव्हा स्पीकर मुलाच्या जवळ आणून आवाज कमी करायला सांगावं.

स्पर्धेत मात्र खरं गावं लागतं आणि तिथं स्वर चुकीचा निवडल्यानं जास्त नुकसान होतं. मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या पट्टीत आणि दोन सप्तकांत फिरणारी. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा सहज पल्ला दीड सप्तकाच्या आसपास. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर आधी शोधा, दोन्ही मुलाला झोपेतून उठल्यावरही लागतात का ते पाहा आणि मगच पट्टी ठरवा. फक्त वरचा स्वर तपासून पट्टी खाली आणली की खालच्या ओळी पोकळ जातात. तयार ट्रॅक अर्धा किंवा एक स्वर सरकवला तर चालून जातो. त्याहून जास्त सरकवला की वाद्यांचा आवाज खोटा वाटू लागतो. तिथं संगीत संयोजकाकडे नव्यानं वाजवून देण्याचा आग्रह धरावा. २००८-०९ मध्ये मराठीतल्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेनं, कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत या पाच जणांनी, घराघरांत गाण्याच्या क्लासची ओढ लावली. त्या मुलांच्या गाण्यामागे आधीच्या काही वर्षांची तालीम होती. ऑडिशनच्या आधी दोन महिने क्लास लावून ती भरून निघत नाही.

खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घशाला बरं वाटतं, पण गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, ती अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू ओले राहतात ते दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायल्यानं आणि वाफेनं. सेटवरच्या वातानुकूलित खोलीत मुलं पाणी प्यायचं विसरतात, लघवीला जायला लाजतात म्हणून मुद्दाम टाळतातही. बाटली तुमच्या हातात असू द्या आणि स्वच्छतागृह कुठं आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सततच्या ताणानं स्वरतंतूंवर गाठी येतात. मुलांमध्ये त्या बहुधा विश्रांती आणि स्वरोपचारानं बऱ्या होतात, मात्र तेवढे दिवस गाणं बंद ठेवावं लागतं.

बारा ते पंधराच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो, जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण थोडा. करार सुरू असताना हे झालं तर जुन्या पट्टीचा हट्ट धरू नये. मधल्या पाच-सहा स्वरांतच गायचं, पट्टी अर्ध्या अर्ध्या स्वरानं खाली आणायची. हे मुलाला आधी सांगून ठेवायला हवं. एरवी लोकांनी ज्या आवाजाला टाळ्या दिल्या तोच आपल्याला सोडून गेला, असं त्याला वाटतं, आणि ते फार एकटं वाटणं असतं.

पैसे मुलाचे आहेत

अमेरिकेत मूकपटांच्या काळात जॅकी कूगन नावाचा मुलगा प्रचंड लोकप्रिय झाला. त्यानं लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी जवळजवळ सगळे उडवले. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, हाती सुमारे सव्वा लाख डॉलर आले. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या नावानं कायदा झाला. पण तो फक्त कोर्टानं मंजूर केलेल्या करारांना लागू होता, त्यामुळे तिथल्या सुरुवातीच्या टीव्हीवरची कितीतरी मुलं त्यातून निसटली. २००० पासून ती पळवाट बंद झाली आणि १५ टक्के रक्कम राखून ठेवणं सक्तीचं झालं. आपल्याकडचे २० टक्के त्याच विचारातून आलेले दिसतात.

एक उदाहरण मांडू. समजा दिवसाला ५,००० रुपये ठरले आणि महिन्यात १२ दिवस काम झालं. एकूण ६०,०००. टीडीएस १० टक्के, म्हणजे ६,०००. मुदत ठेव २० टक्के, १२,०००. को-ऑर्डिनेटरचं (काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं) कमिशन समजा १५ टक्के, ९,०००. हाती ३३,०००. तेही बहुतेक ठिकाणी ९० दिवसांनी येतात. जूनच्या कामाचे पैसे गणपतीनंतर. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा रिक्षा-गाडीचा खर्च स्वतःच्या खिशातून करायची तयारी ठेवावी, आणि ‘येण्या-जाण्याचं कन्व्हेयन्स’ करारात वेगळं लिहून घ्यावं. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, पोर्टफोलिओसाठी किंवा कार्डासाठी कोणी आधी पैसे मागितले तर तिथून परत फिरा. खऱ्या निर्मात्याला मुलगा हवा असतो, मुलाचे तीन हजार नव्हे.

प्राप्तिकरात एक बारकावा आहे आणि तो चुकतोच. अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाचं उत्पन्न एरवी पालकांच्या उत्पन्नात मिळवतात. पण स्वतःच्या कलेतून कमावलेलं उत्पन्न मुलाचंच धरलं जातं. त्याचं वेगळं पॅन काढायचं आणि पालकानं त्याच्या वतीनं विवरणपत्र भरायचं. कापलेला टीडीएस परत मिळवायचा तर तोच मार्ग. मात्र त्या पैशांच्या मुदत ठेवीवर जे व्याज मिळतं ते कलेचं उत्पन्न नाही. ते आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरतात. एकाच पैशाचे असे दोन रस्ते आहेत, हे आपल्या सीएला आधीच सांगा.

मुदत ठेव सहसा दहा वर्षांपर्यंतच करता येते. मूल सात वर्षांचं असेल तर अठराव्या वर्षापर्यंत ती मध्येच संपते. त्या तारखेला ती मुलाच्याच नावानं पुन्हा करायची. बचत खात्यात वळवून ‘नंतर बघू’ म्हटलं की ती घरखर्चात विरघळते. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाची सही, फोटो आणि केवायसी नव्यानं द्यावी लागते, तोवर बँक खातं थांबवून ठेवू शकते.

या सगळ्यासाठी एक शंभर पानी वही पुरते. तारीख, सेटचा पत्ता आणि जिल्हा, पोचल्याची वेळ, पहिला शॉट, जेवण, पॅकअप, त्या दिवशीचे प्रसंग, शाळेचा बुडालेला तास, ठरलेले पैसे आणि शेवटचा रकाना पैसे जमा झाल्याच्या तारखेचा. पोचल्याची आणि पॅकअपची वेळ लिहून त्या दिवशीच्या सहदिग्दर्शकाची सही घ्यायची. मागितली की ते बहुधा देतात. मालिका अचानक बंद होते तेव्हा शेवटच्या ९० दिवसांचे पैसे याच वहीवरून मागता येतात. वही वाचता येण्याइतकं मूल मोठं झालं की ती त्याच्या हातात द्यावी. आठ वर्षांच्या मुलीला पाच तास मोजता येतात, आणि चार वाजले हे ती सगळ्यांच्या आधी सांगते.